आषाढ ते कार्तिक : बरडावर घोड्यांची चराई

सोलापूर जिल्ह्यात लग्नाचा हंगाम आणि गवताचा हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. वरातीची घोडी चराईला ठेवून घेण्याचा हा सगळा उद्योग त्यावरच उभा आहे. आषाढी एकादशीला मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. काढीव मुहूर्तावर लग्नं होतात, गणपती-नवरात्रात मिरवणुकीची कामं निघतात, पण वरातीची घोडी या चार महिन्यांत बहुतेक दावणीलाच असते आणि उभ्याउभ्या रोज हरभरा-कडबा खाते. नेमकं त्याच चार महिन्यांत एरवी कुसळं देणारं बरड हिरवं होतं. मालक घोडं आणून सोडतो, महिन्याचे पैसे देतो. आपण जागा, गवत, पाणी आणि रोजची नजर देतो. तबेला नाही, खरारा नाही, तोबरा नाही. कार्तिकीनंतर तो घोडं घेऊन जातो.

जनावरं सांभाळलेल्या माणसाला हे सोपं वाटतं आणि तिथंच घोळ होतो. गाईम्हशींसाठी आपल्याकडं जे जे चांगलं समजलं जातं, काटेरी तार, नेपियर गवत, उसाचे वाढे, कडवळ म्हणजे ज्वारीचा हिरवा चारा, सुबाभूळ, पशुखाद्याचं पोतं, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घोड्याला कमीजास्त बाधते. म्हणून खाली गवतापेक्षा ‘काय नको’ यावर जास्त लिहिलं आहे.

आधी रान. काळी जमीन पिकाला ठेवा, घोड्याला मुरमाड बरड द्या. काळ्या रानात पावसाळ्यात खूर घोट्यापर्यंत रुततो, नाल निघते, खुराच्या मधल्या मऊ भागाला सड लागून घाण वास यायला लागतो. उन्हाळ्यात त्याच रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. बरडावर पाणी निचरून जातं आणि खूर कोरडा राहतो. उतार असेल तर उत्तम, पण उताराच्या तळाला पाणी साचणारी जागा कुंपणाबाहेर काढा.

तूर किंवा कापूस घेतलेलं रान असेल तर धसकटं आधी काढायची. तुरीचं झाड विळ्यानं तिरकं कापलेलं असतं. राहिलेला बुडखा वाळून भाल्यासारखा होतो आणि खुराच्या तळव्यात सरळ शिरतो. रोटाव्हेटर फिरवला की धसकटं मोडतात, पण तुकडे तिथंच राहतात. माणसं लावून वेचूनच घ्यावी लागतात. त्याच फेरीत ठिबकच्या फाटक्या नळ्या, मल्चिंगचा कागद, सुतळी, बाटल्यांच्या काचा आणि जुन्या कुंपणाचे तारेचे तुकडे उचलायचे. वेडी बाभूळ मुळासकट काढा. काटा खुरात आणि डोळ्यात जातोच, शिवाय तिच्या गोड शेंगा घोडी आवडीनं खातात आणि त्यांचा पोटात गोळा बसतो.

विहिरीला कठडा नसेल तर तिच्याभोवती आडकाठी हवी. त्याहून धोक्याचं शेततळं. प्लास्टिकच्या अस्तरावर खूर ठरत नाही. पाणी प्यायला उतरलेलं घोडं आत घसरलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही आणि चारपाच माणसांनाही ते ओढून काढता येत नाही. शेततळ्याला वेगळं कुंपण घालणं जमत नसेल तर त्या तुकड्यात घोडं सोडूच नका. विजेच्या खांबाचा ताण, म्हणजे तिरकी ओढलेली तार, रात्री दिसत नाही. तिच्यावर पांढरा पाइप चढवा.

आता हिशेब. ३५० किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज ७ किलो सुका चारा लागतो. १२० दिवसांचे झाले ८४० किलो. बेताच्या पावसात कोरडवाहू बरडावरचं गवत वाळवून तोललं तर एकरी सातआठशे किलो धरायचं, जास्त नाही. त्यातलं निम्मं खुराखाली जातं, लिदीनं खराब होतं किंवा मूळ जगावं म्हणून उभं ठेवावं लागतं. हातात राहतं एकरी साडेतीनशे-चारशे किलो. म्हणजे एका घोड्यामागं सव्वादोन एकर. दहा एकरांत एक एकर वाडा, पाणी आणि वाटेला गेलं तर राहिलेल्या नऊ एकरांवर चार घोडी व्यवस्थित, पाचवं कडब्याच्या जोरावर. ‘एकरी दोन घोडी बसतील की’ म्हणणाऱ्या माणसानं बहुतेक ओलिताचं गवत पाहिलेलं असतं.

या हिशेबात पावसाचा लहरीपणा धरलेला नाही. सोलापूरचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जूनच्या पावसावर गवत उठतं, जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत थबकतं, सप्टेंबरात पुन्हा फोफावतं. त्यामुळं ऑगस्टमध्ये दोनतीन आठवडे गवत नसेल असं धरूनच कडबा भरून ठेवायचा. कडबा शेकड्यानं मिळतो, पण पेंढीचं वजन गावागणिक बदलतं. दहा पेंढ्या तोलून शेकड्याचं वजन काढा आणि मगच भाव करा. मंगळवेढ्याकडचा मालदांडी ज्वारीचा कडबा पानाला चांगला. काळी बुरशी आलेला, भिजून वाळलेला कडबा म्हैस खाते म्हणून घोड्यापुढं टाकायचा नाही. कुट्टी करायची तर दीड-दोन इंचांची. भुशासारखी बारीक कुट्टी घोडं न चावता गिळतं आणि ती घशात किंवा आतड्यात अडकते.

कुंपणात पैसे वाचवायला जाऊ नये. आपल्या भागात शेताला काटेरी तार हेच कुंपण. बैल तारेला अंग लागलं की मागं सरतो. घोडं बिथरलं की पुढं पळतं आणि पाय अडकला की ओढत राहतं. काटेरी तारेत अडकलेल्या पायाचं कातडं घोट्यापासून मोज्यासारखं उतरतं, आणि बरं झालं तरी तिथली गाठ जात नाही. वरातीच्या घोडीची किंमत तिथंच निम्मी होते. शेताच्या हद्दीला काटेरी तार असेलच तर ती काढायची गरज नाही. तिच्या आत आठदहा फुटांवर दुसरं साधं कुंपण करा.

हे आतलं कुंपण पांढऱ्या विद्युत पट्टीचं करावं, ४० मिलिमीटर रुंदीची. बारीक तार पळत्या घोड्याला दिसत नाही, पट्टी दिसते. तीन ओळी घ्यायच्या : दीड फूट, तीन फूट आणि साडेचार फूट. सगळ्यात खालची दीड फुटाच्या खाली आणली तर गवत वाढून पट्टीला टेकतं आणि झटका जमिनीत जिरतो. शिवाय लोळताना घोड्याचा पाय तिच्याखाली जातो. खांब बारा फुटांवर. माळावरचा वारा पट्टीला फडफडवतो आणि इन्सुलेटरपाशी ती झिजून तुटते. म्हणून दर दोन खांबांमध्ये पट्टीला एक पीळ द्यायचा. पिळलेली पट्टी फडफडत नाही. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, त्याला पट्टी पुन्हा विकायची असते.

खांब दगडी चालतात, सिमेंटचे चालतात. काळ्या पट्ट्यात खांब रोवताना खड्डा अडीच फूट घ्या आणि भरताना तीच काळी माती आत लोटू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि दोन वर्षांत खांब कलतात. मुरूम आणि दगडगोटे घालून ठोकून घ्या. कोपऱ्याचा खांब तीन फूट खोल आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेका. पट्टीचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो.

झटका मशीन सौर घ्या, कंपनीचं घ्या आणि शेवटच्या टोकाला मीटर लावून पाहा. तिथं किमान ३,००० व्होल्ट मिळालेच पाहिजेत. कमी मिळत असतील तर मशीनला दोष द्यायच्या आधी अर्थिंग बघा. दहापैकी आठ वेळा बिघाड तिथंच असतो. तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) सळया, प्रत्येक पाच-सहा फूट खोल, दहा-दहा फुटांच्या अंतरानं, एकमेकींना जोडलेल्या. मुरमात सळई जात नाही आणि गेली तरी कोरड्या मुरमातून प्रवाह परत येत नाही. म्हणून अर्थिंग हौदाच्या उतू जाणाऱ्या पाण्याच्या ओलीत करायचं, मशीन कुठंही असो. घरातल्या लाइटची वायर सरळ कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत. त्यावर चर्चा नको.

फाटक बारा फुटी, ट्रॅक्टर जाईल असं. वरची बिजागरी उलटी बसवा, म्हणजे घोड्यानं मानेनं उचललं तरी फाटक निघत नाही. कडीला चाप हवाच. नुसती कडी घोडं ओठांनी उघडतं.

आपल्याकडं नर खच्ची करायची पद्धत फारशी नाही, त्यामुळं चराईला येणारा नर साबूत असतो हे धरूनच आखणी करा. एका पट्टीच्या अल्याड नर आणि पल्याड घोड्या हे चालत नाही. मध्ये दहा फुटांची मोकळी वाट आणि दोन्हीकडं कुंपण. जागा नसेल तर सरळ सांगा की फक्त घोड्या घेऊ. आम्ही तसंच सुचवतो. एका नरासाठी अडकणारी जागा दोन घोड्यांची असते.

गवताकडं येऊ. सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, नान्नजच्या माळावर जे दिसतं तेच आपल्या बरडावर आपोआप येतं : पवन्या, मारवेल, कुसळी, मधूनमधून हरळी. हे घोड्याला पुरेसं चांगलं आहे, नांगरून उलथवू नका. विरळ जागी मारवेलाचे ठोंब लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले मारवेल मिळतं. जूनअखेर चांगली ओल झाल्यावर, ४५ बाय ३० सेंटिमीटरवर. एकरी तीस हजारांच्या आसपास ठोंब लागतात, म्हणून एकदम सगळं रान करण्यापेक्षा वर्षाला एकेक एकर परवडतं. पहिल्या वर्षी तिथं घोडं सोडायचं नाही, कापून घालायचं. घोडं वरच्या-खालच्या दातांत धरून गवत मुळाशी तोडतं, त्यामुळं न रुजलेला ठोंब मातीसकट उपटून येतो. ओळींमध्ये स्टायलो हमाटा या द्विदल चाऱ्याचं बी एकरी दोनतीन किलो फेका. बी टणक असतं, ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात चारपाच मिनिटं बुडवून सावलीत सुकवून पेरलं तर उगवतं.

बियाण्याच्या दुकानात बरडासाठी हटकून अंजन गवत सुचवतात. शेळ्या-मेंढ्यांना, गाईंना ते उत्तम. घोड्याला नको, निदान मुख्य चारा म्हणून तर नकोच. अंजन, संकरित नेपियर, गिनी, पॅरा या गवतांत ऑक्झलेट जास्त असतं. ते गवतातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. गाईच्या पहिल्या पोटातले जंतू ऑक्झलेट मोडतात, घोड्याला ती सोय नाही. कॅल्शियम मिळेना म्हटल्यावर शरीर ते हाडांतून काढायला लागतं. दोनतीन महिन्यांत घोडं आखडून चालतं, आज या पायानं लंगडतं तर उद्या त्या, चावायला कंटाळतं, आणि पुढं गालफडाची दोन्ही हाडं सुजून तोंड रुंद दिसायला लागतं. त्यातच मालक प्रेमानं गव्हाचा कोंडा पाठवतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, त्यानं दुखणं आणखी वाढतं. उसाच्या वाढ्यांचंही तेच, ऑक्झलेट जास्त. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाढे स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो. ओलिताची थोडी जागा असेल तर नेपियरऐवजी लसूणघास करा. घोड्याला रोज दोनतीन किलो हिरवा घास दिला की कॅल्शियमची बाजू सांभाळली जाते. खनिज मिश्रण किती द्यायचं ते पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या, आणि खडेमीठ मात्र कायम समोर असू द्या.

हिरवं कडवळ आणि ज्वारीचे फुटवे वर्ज्य. गाईला त्याची विषबाधा होते हे सगळ्यांना माहीत आहे. घोड्यात ती निराळ्या रूपात येते : मागचे पाय लडबडतात, लघवी थेंबथेंब गळते आणि मांड्यांवर ओघळ दिसतात. वाळलेल्या कडब्याचा तसा त्रास होत नाही. मुरघासही नको. पिशवीत हवा शिरून बिघडलेला मुरघास म्हशीला जुलाबावर सुटतो, घोडं त्यानं दगावू शकतं.

सुबाभूळ बांधावर असतेच. तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. जिवाला धोका थोडा, पण वरातीच्या घोडीची आयाळ गेली तर मालक पैसे देणं राहिलं बाजूला, भांडायला येईल. कण्हेर शोभेला लावतात, तिची मूठभर पानंही प्राणघातक ठरतात. धोतरा, घाणेरी, एरंड, बेशरम, गाजरगवत काढून कुंपणाबाहेर नुसतं टाकू नका, जाळा. घाणेरीसारखी काही झुडपं वाळल्यावरही विषारीच राहतात आणि तेव्हा त्यांचा उग्र वास कमी झालेला असतो. ताग बहुतेकांना सुचत नाही. हिरवळीच्या खताचा ताग आणि माळावरचा खुळखुळा एकाच वंशातले, आणि या वंशाचं विष घोड्याच्या यकृतावर जातं. शेजारच्या रानात ताग असेल तर त्या बाजूचं कुंपण दोन फूट आत घ्या.

आणि पशुखाद्य. कोंबडीखाद्यात आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला आणि गाईला जे सोसतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेत घोड्याचं हृदय निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. पोतं, घमेलं, मापाचं भांडं सगळं वेगळं ठेवा. गोठ्यातला गडी घाईत तेच घमेलं उचलतो, म्हणून घोड्यांच्या घमेल्यांना लाल रंग मारून ठेवावा.

पाण्याचं थोडक्यात. एका घोड्याला गारव्यात रोज २०-३० लिटर, उन्हात ४०-५०. चार-पाच घोड्यांना दोन हजार लिटरचा हौद पुरतो, बॉल-कॉकचा. काठ अडीच फुटांपेक्षा उंच नको, कोपरे गोल. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातात. आठवड्याला हौद उपसून घासायचा. शेवाळ आलेलं पाणी घोडं पीत नाही, तहानलेलं राहतं, आणि कोरडा कडबा खाऊन तहानलेलं घोडं म्हणजे पोटशूळ ठरलेला.

निवारा साधा. घोड्यामागं बारा बाय बारा फूट, उंची बारा फूट, तिन्ही बाजू उघड्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत येत नाही. पत्र्यावर पाचट अंथरा. शेडच्या पुढं मुरमाचा वाडा करा, अर्धा एकर पुरे. संततधारेत आणि गवत संपल्यावर घोडी तिथं ठेवायची, म्हणजे बाकीचं रान तुडवलं जात नाही. कडबा जमिनीवर नको, गव्हाणीत घाला. मुरमावरून वेचून खाताना वाळू-मुरूम पोटात जातो आणि आतड्यात साठतो. शंका असेल तर ताज्या लिदीचे पाचसहा गोळे, जमिनीला न टेकलेले, बादलीभर पाण्यात कालवून ठेवा. तळाशी चमचाभराहून जास्त वाळू बसली तर डॉक्टरांना दाखवा.

घोडं आत घेण्याआधी कागद. ग्लँडर्स (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) आणि संसर्गजन्य रक्तक्षय या दोन्हींचा तपासणी अहवाल मागायचा. रक्तजल नमुने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जातात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात यांची तपासणी होते. ग्लँडर्स माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील रोगप्रतिबंधक कायद्यात तो कळवावाच लागणारा रोग आहे, आणि बाधित घोडं मारावं लागतं. त्यामुळं ‘गेल्या साली केली होती’ हे चालत नाही. धनुर्वाताची लस झालेली हवी. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून नुकतं आणलेलं घोडं असेल तर जास्तच सावध राहा. बाजारात शेकडो घोडी एका हौदाला पाणी पितात.

आल्यावर दोनतीन आठवडे वेगळं, बादली वेगळी, खरारा वेगळा. हाच वेळ हिरव्याची सवय लावायला वापरायचा. दावणीच्या हरभऱ्या-कडब्यावरून आलेलं घोडं पहिल्याच दिवशी कोवळ्या गवतात सोडलं तर पोटशूळ होतो, नाहीतर खुराच्या आत सूज येऊन पाय टेकवेना होतं. पहिल्या दिवशी कडबा पोटभर घालून मग तासभर चराई, पुढं रोज अर्धा तास वाढवत न्यायचं. त्याच बेतानं हरभरा उतरवत न्यायचा. काम नसलेल्या घोड्याला चण्याची गरज नाही, हे मालकाला पटवणं जड जातं. त्याच्या मते चणा बंद म्हणजे घोड्यावर अन्याय.

मागच्या पायांच्या नाला काढून घ्यायच्या. नवं घोडं आलं की लाथा होतात, आणि नाल असलेली लाथ हाड मोडते. नालबंदाचा खर्च मालकाचा. अगाडी-पिछाडी, पायबंद काहीही घालून चराईला सोडायचं नाही. म्होरकी ठेवायचीच तर चामड्याची, अडकली तर तुटणारी. नायलॉनची तुटत नाही, मान मोडते. नवं घोडं कळपात सोडताना आधी काही दिवस पट्टीपलीकडून ओळख होऊ द्या. मग सगळ्यात गरीब घोडीबरोबर एकटं, आणि शेवटी सगळ्यांत. चाऱ्याचे ढीग घोड्यांपेक्षा एक जास्त टाकायचे, म्हणजे हाकललेल्याला जागा राहते.

करारपत्र स्टॅम्प पेपरवर करून घ्या. त्यात घोड्याचा रंग, उंची, दातांवरून वय, पांढऱ्या खुणा, दोन्ही बाजूंचे फोटो. मालक अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल शुभ-अशुभ बोलायला लागला की त्याला थांबवू नका. सगळे भोवरे जागेसकट लिहून घ्या, ओळख पटवायला याहून पक्की खूण नाही. पैसे महिन्याचे आगाऊ. औषधपाणी, नालबंद, जादा चारा मालकाकडं. रात्री-अपरात्री पोटशूळ झाला आणि मालकाचा फोन लागला नाही तर डॉक्टर बोलावण्याचा अधिकार आपल्याला आणि बिल त्याला, ही ओळ नसेल तर घोडं घेऊ नका. ठरलेल्या मुदतीत नेलं नाही तर काय, तेही लिहा. घोडं मिरवणुकीला नेऊन परत आणलं तर पुन्हा वेगळं ठेवणार, हेही आधीच सांगा. नवरात्रात हा वाद निघतोच.

रोज दोनदा बघायचं, एकदा अंधार पडायच्या आधी. नुसतं मोजून होत नाही. प्रत्येकाला चालवून पाय बघा, डोळे बघा, लीद पडते का बघा. निरोगी घोड्याचं अंगाचं तापमान ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे आकडे वाड्याच्या खांबावर रंगवून ठेवलेले बरे. पायानं जमीन खरवडणं, पोटाकडं वळून बघणं, पुन्हापुन्हा लोळणं, लीद बंद, ही पोटशूळाची लक्षणं : डॉक्टर येईपर्यंत खाणं काढून घ्या, हळूहळू चालवा, आणि गावातल्या कुणालाही तोंडातून तेल पाजू देऊ नका. ते फुफ्फुसात जातं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्रा येतो. गोमाशी चावून पसरतो. ताप येतो-जातो, घोडं खातं तरी वाळतं, पोटाखाली आणि पायांवर सूज. रक्ताची काच तपासून घ्या, अंदाजानं टॉनिक टोचू नका. जखमेवर माशी बसून बरसाती होते, न भरणारी, दाणेदार, खाजणारी जखम. या माशीत जंताची पिल्लं असतात आणि ती लिदीतून येतात, म्हणून उपाय लिदीपासून सुरू होतो.

घोडं रोज बारा-पंधरा किलो लीद टाकतं. चराईच्या रानातून आठवड्याला दोनदा घमेल्यानं उचलायची. लीद पडलेल्या जागेचं गवत घोडं खात नाही, मग तेवढे ठिपके उंच वाढतात आणि बाकीचं रान टक्कल पडेपर्यंत खाल्लं जातं. पावसाळ्यात कुळव फिरवून लीद पसरवली तर जंत सगळ्या रानात पसरतात. तेच काम एप्रिल-मेच्या ऊन्हात केलं तर जंत भाजून मरतात. खड्डा करून कुजवलेल्या लिदीला सांगोल्याकडचे डाळिंबवाले गिऱ्हाईक असतात. घोडी एका तुकड्यातून काढली की मागोमाग धनगराच्या मेंढ्या बसवा. घोड्याचे बहुतेक जंत मेंढीत जगत नाहीत, राहिलेलं उंच गवत मेंढ्या साफ करतात आणि लेंडीखत मिळतं ते निराळंच. फक्त गोचीड बघून घ्या.

रानाचे किमान चार तुकडे हवेत. गवत सहा-आठ इंच झालं की घोडी आत, तीन इंचांवर आलं की बाहेर, मग गवत कितीही हिरवं दिसो. तीन इंचांखाली खाल्लेला मारवेल सप्टेंबरच्या पावसालाही लवकर उठत नाही. एक तुकडा सप्टेंबरपासून राखून ठेवायचा, कापणीसाठी.

त्या कापणीची वेळ चुकवता येत नाही. ऑक्टोबरात कुसळी पोटऱ्यातून बाहेर येते आणि कुसळ तयार झालं की तो चारा घोड्याच्या कामाचा राहत नाही. कुसळं जिभेखाली, हिरडीत, डोळ्यात रुततात. घोडं लाळ गाळायला लागतं आणि खाणं सोडतं. म्हणून फुलोऱ्यात आल्याबरोबर कापा. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असतो. दोनतीन दिवसांची उघडीप बघून कापायचं, दुसऱ्या दिवशी उलटायचं. मूठभर गवत पिळल्यावर काड्या तटतट मोडल्या आणि हाताला ओल लागली नाही तरच गंजी लावायची. ओलसर गंजी आतून तापते आणि बुरसते. चराईच्या तुकड्यांतली कुसळीही याच सुमारास विळ्यानं छाटून घ्या, नाहीतर घोडी वाड्यात घ्या.

दराचं गणित गिऱ्हाइकाच्या बाजूनं करा. दावणीला त्याचा रोजचा कडबा, चणा आणि गड्याचा पगार काय पडतो ते त्याच्यासमोरच मांडा. त्याच्या निम्म्याच्या आसपास दर ठेवला तर तो येतो. आपला खर्च काढताना कुंपण आठ वर्षांवर वाटून टाका, पट्टी चार वर्षांवर, आणि ऑगस्टच्या उघडिपीचा कडबा धरायला विसरू नका. वर्षभराचं घोडं कुणी देऊ केलं तर दर वेगळा सांगा. डिसेंबर ते जून आपल्या बरडावर चराई नसते, तो सरळ कडब्याचा व्यवहार आहे.

कार्तिकीच्या आधी दोनतीन आठवडे मालकाला फोन करायचा. घोड्याच्या नाला बसवून घ्यायला, आणि चणा मूठमूठ चढवायला सुरुवात करायला. चार महिने मोकळं राहिलेलं घोडं पोट सुटलेलं आणि दमाला कमी असतं. त्याला तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीला बँडपुढं चार तास नाचवलं तर बसतं. रोज अर्धा तास लगामावर चालवणं तो आपल्याच रानात येऊन करू शकतो. नेताना गाडीत चढवायला मातीचा धक्का लागतो, पिकअपच्या फाळक्याच्या उंचीचा, पुढून दगडांनी बांधलेला, मागं बारा फुटांचा उतार. तो पावसाळ्यापूर्वीच करून ठेवा. फळीवरून चढायला घोडी तयार होत नाहीत आणि पावसात फळी घसरते.